आधी क्रॅक काढा, मग अँटीव्हायरसचं विचारा

मेहकरच्या माझ्या दुकानात कॉम्प्युटर घेऊन येणारा माणूस काउंटरवर सीपीयू ठेवतो आणि विचारतो, "ताई, फुकटातला चांगला अँटीव्हायरस कोणता हाये? तोच टाकून द्या." डोणगावचा शेतकरी, जानेफळचे गुरुजी, लोणारहून पोराच्या अ‍ॅडमिशनच्या धावपळीत आलेली आई, सगळ्यांचा हाच सवाल. प्रश्न अगदी रास्त आहे. घरातलं मशीन बहुतेक वेळा सेकंड हँड, कुठल्यातरी कंपनीच्या लॉटमधून आलेलं असतं. त्यावर पोरांचे फॉर्म भरायचे, सातबारा काढायचा, पीक विम्याची पावती जपायची, लग्नाचे फोटो ठेवायचे. एवढ्यासाठी दरवर्षी अँटीव्हायरसला पैसे मोजायचे, हे सोयाबीनवर घर चालवणाऱ्याला जड जातं, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही.

विंडोज १० किंवा ११ असेल, तर चांगला फुकट अँटीव्हायरस त्यात आधीपासूनच आहे. त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. मायक्रोसॉफ्टने २००९ साली सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाने मोफत अँटीव्हायरस दिला, २०१२ च्या विंडोज ८ पासून तो डिफेंडर या नावाने विंडोजच्या पोटातच आला. सुरुवातीची काही वर्षं तो खरोखर कमजोर होता. जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचण्यांत तो तळाशी असायचा. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांचा त्याच्यावर आजही विश्वास नाही तो त्यामुळेच. पण त्याच संस्थेच्या अलीकडच्या चाचण्यांत तो वारंवार वरच्या गुणांनी पास होतो, विकतच्या नावाजलेल्या अँटीव्हायरसच्या बरोबरीने. घरच्या कॉम्प्युटरला याहून जास्त लागत नाही.

मग कॉम्प्युटर एवढे बिघडतात का? कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मशीनमध्ये हा डिफेंडर बंद केलेला असतो. तो व्हायरसने बंद केलेला नसतो. विंडोज टाकून देणाऱ्या दुकानदारानेच केलेला असतो.

हे कसं होतं ते सविस्तर सांगते, कारण गिऱ्हाइकाला ते कोणी सांगत नाही. विंडोज ११ होमचं लायसन्स दहा हजारांच्या घरात जातं. आठ-दहा हजारांच्या जुन्या मशीनवर एवढं कोण घालणार? म्हणून दुकानदार पेन ड्राइव्हमधून कुठून तरी उतरवलेलं विंडोज टाकतो आणि वर अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करून देणारा क्रॅक, चालवतो. या अ‍ॅक्टिव्हेटरची पहिली सूचनाच अशी असते: आधी अँटीव्हायरस बंद करा. डिफेंडर त्याला ओळखतो आणि अडवतो, म्हणून डिफेंडर बंद. काही अ‍ॅक्टिव्हेटर तर डिफेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं फोल्डर तपासणीतून वगळून ठेवतात. पुढे त्या फोल्डरमध्ये काहीही येऊन बसलं तरी डिफेंडर तिकडे पाहणार नाही. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झाल्याची खूण दिसते, गिऱ्हाईक खूश, दुकानदाराचे तीनशे रुपये वसूल. राखणदाराला सुट्टी देऊन वाड्याच्या किल्ल्या परक्याच्या हाती दिल्या, हे घरच्यांना ठाऊकही नसतं. त्याच बिलात पुन्हा अँटीव्हायरसचा डबा विकला जातो, ते मला सगळ्यात जास्त खटकतं.

क्रॅकमधून काय येतं, याचं एक उदाहरण मी जवळून पाहिलं. लग्नसराईत एक तरुण फोटोग्राफर हार्ड डिस्क घेऊन आला. फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक त्याने आदल्या रात्री उतरवला होता. सकाळी पाहतो तर प्रत्येक फोटोच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं, एकही फोटो उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक चिठ्ठी. चिठ्ठीत ९८० डॉलर मागितलेले, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९०. त्या डिस्कवर पाच लग्नं होती. हळदीचे, सप्तपदीचे, पाठवणीचे फोटो. लग्न काही पुन्हा लागत नाही.

या जातीच्या रॅन्समवेअरला, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' म्हणतात. हा बँका-कंपन्यांच्या मागे फारसा लागत नाही, घरच्या माणसाच्या मागे लागतो, आणि पसरतो तो मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरमधून. त्याच्यावर फुकट औषधही आहे. न्यूझीलंडमधल्या एमसिसॉफ्ट कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या १४८ प्रकारांसाठी कुलूप उघडणारं साधन मोफत दिलं. नेदरलँड्सचे पोलिस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली 'नो मोअर रॅन्सम' नावाची मोफत सेवा सुरू केली, तिथे अशी साधनं एका जागी मिळतात. पण नंतरच्या प्रकारांत बहुतेक वेळा प्रत्येक बळीची चावी वेगळी असते आणि ती गुन्हेगाराकडेच राहते. त्या पोराचा प्रकार नवा होता. एक गोष्ट मात्र कामी आली. हा व्हायरस फाइलचा फक्त सुरुवातीचा भाग, साधारण पहिले १५० केबी, कुलूपबंद करतो. त्यामुळे मोठ्या व्हिडिओंतला बाकीचा भाग शाबूत असतो आणि मोफत मिळणाऱ्या दुरुस्तीच्या साधनाने काही व्हिडिओ पुन्हा चालतात. काही चालले. फोटो गेले ते गेले. त्याच्या मशीनवर विकतचा अँटीव्हायरस होता, मुदतीतला होता, आणि क्रॅक चालवण्यासाठी त्याने तो स्वतःच्या हाताने बंद केला होता.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कोणता अँटीव्हायरस हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, तुमच्या मशीनवर क्रॅक आहे का? असेल तर जगातला कोणताही अँटीव्हायरस, फुकटचा असो की विकतचा, तुम्हाला वाचवणार नाही.

"पण ताई, लायसन्स घ्यायले पैसा कुठून आणू?" हेही मी रोज ऐकते. त्यावर आमच्या धंद्यातली एक गोष्ट उघड सांगायला हवी. कंपनी लॉटची जी ब्रँडेड मशीनं येतात, त्यातल्या विंडोज १० च्या काळापासूनच्या कितीतरी मशीनच्या मदरबोर्डमध्येच विंडोजची खरी चावी साठवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज फुकट उतरवता येतं. मशीनच्या चावीशी जुळणारी आवृत्ती टाकली आणि नेट जोडलं की विंडोज आपोआप, कायदेशीर अ‍ॅक्टिव्हेट होतं. एक रुपया लागत नाही. तरीही त्यावर क्रॅक केलेलं विंडोज प्रो टाकलं जातं, कारण दुकानदाराच्या पेन ड्राइव्हमध्ये तेवढं एकच असतं आणि तपासायला वेळ नसतो. पुढच्या वेळी मशीन घेताना किंवा फॉरमॅट मारताना दुकानदाराला एवढंच विचारा: यात ओरिजिनल की आहे का ते पाहिलं का? तो चिडला तर दुकान बदला.

क्रॅकचा दुसरा मोठा अड्डा म्हणजे छपाईची आणि डीटीपीची दुकानं, आणि त्यांच्याकडून तो घरोघरी जातो. तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे बॅनर बनवणारी पोरं आजही पेजमेकर ७ वर काम करतात. ही त्याची शेवटची आवृत्ती, २००१ ची. कंपनीने त्यात नवं काही करणं केव्हाच सोडलं. सोबत कोरलचा क्रॅक आणि चोरीचे मराठी फॉन्ट. त्यांची अडचण मला कळते. जुन्या पत्रिकांचे साचे त्याच फॉन्टमध्ये आहेत, मालक नवं शिकायला वेळ देत नाही. पण जी मुलगी घरी बसून टायपिंगची कामं घेते, तिला हे काही लागत नाही. लिब्रेऑफिस मोफत आहे, चित्रांसाठी इंकस्केप आणि गिंप मोफत आहेत. मराठी टायपिंगसाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड पूर्वीपासून आहे, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही आला. तो सुरू करून दिला की मुली म्हणतात, "हे इतके दिवस कोनी सांगलं काऊन नाही?" मलाही तोच प्रश्न पडतो.

आता पेन ड्राइव्हबद्दल. आमच्या जिल्ह्यात व्हायरस जितका नेटवरून येत असेल तितकाच तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून येतो, असा माझा अनुभव आहे. मुलगा फॉर्मची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह देतो, तो दिवसभर शेकडो पेन ड्राइव्ह लागलेल्या मशीनला लागतो, आणि घरी येतो तेव्हा सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले असतात. पूर्वी पेन ड्राइव्ह लावताक्षणी व्हायरस आपोआप चालू व्हायचा. ती सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये काढली आणि २०११ च्या अपडेटने जुन्या विंडोजमध्येही बंद केली. तेव्हापासून व्हायरसला आपला हात लागतो. तो खरं फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. आपण त्यावर क्लिक केलं की व्हायरसही चालतो आणि फोल्डरही उघडतं, म्हणून शंका येत नाही. अशा वेळी डेटा बहुधा गेलेला नसतो, फक्त लपलेला असतो. आधी डिफेंडरने पेन ड्राइव्ह स्कॅन करून घ्यायचा, मग फोल्डरच्या सेटिंगमध्ये लपवलेल्या फाइल्स आणि सिस्टिम फाइल्स दोन्ही दाखवायला सांगायचं, की सगळं दिसतं. या कामाचे "डेटा रिकव्हरी" म्हणून हजार-दीड हजार घेतल्याच्या पावत्या मी पाहिल्या आहेत. एका विधवा बाईकडून पतीच्या फोटोंसाठी असे पैसे घेतले होते. मला त्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

प्रिंट काढायची असेल तर पेन ड्राइव्हऐवजी फाइल ई-मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पेन ड्राइव्ह द्यावाच लागला तर त्यात तेवढी एकच फाइल ठेवा.

डिफेंडर सोडून दुसरा फुकट अँटीव्हायरस टाकू का, असं काही जण विचारतात. टाकायला हरकत नाही, बिटडिफेंडर, कॅस्परस्की यांच्या मोफत आवृत्त्या आहेत. पण एका वेळी एकच ठेवा. दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि चार जीबी रॅमचं मशीन जागीच बसतं. आणि फुकट देणारा कशावर जगतो, हे जरूर पाहा. अ‍ॅव्हास्ट हा एकेकाळी आमच्याकडे घरोघरी होता. त्याच कंपनीची जम्पशॉट नावाची शाखा वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकत होती, हे २०२० च्या जानेवारीत उघड झालं. शाखा बंद करावी लागली, आणि २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. माणूस अँटीव्हायरस टाकतो तो आपलं खासगी राहावं म्हणून. डिफेंडर मला बरा वाटतो त्याचं हेही एक कारण आहे. तो विंडोजचाच भाग आहे, त्याला वेगळं पोट भरायचं नाही. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती संशय आला तेव्हा एकदा स्कॅन करायला चांगली, पण ती सतत पहारा देत नाही, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

विकतच्या अँटीव्हायरसशी माझं वैर नाही. पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर या भावांनी नव्वदच्या दशकात दुरुस्तीच्या दुकानातूनच क्विक हील उभं केलं. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढायला धाकट्याने प्रोग्राम लिहिला आणि त्याची कंपनी झाली. दुरुस्तीच्या धंद्यातली म्हणून मला त्याचा अभिमान आहे. सेतू केंद्र, पतसंस्था, दवाखाना, जिथे दुसऱ्यांची माहिती सांभाळायची आहे तिथे विकतचं संरक्षण जरूर घ्यावं. घरच्या एका मशीनचा हिशेब वेगळा आहे. तेच पैसे साठवा आणि एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. महिन्याला एकदा फोटो आणि कागदपत्रं तिच्यात उतरवा आणि ती काढून कपाटात ठेवा. काढून ठेवणं महत्त्वाचं, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. त्या फोटोग्राफरकडे अशी डिस्क असती तर पाच घरचे फोटो वाचले असते.

डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' नावाची एक सोय आहे. सुरू केली की अनोळखी प्रोग्रामला तुमच्या फोटो आणि डॉक्युमेंटच्या फोल्डरमध्ये फेरफार करता येत नाही. ती मुळात बंद असते, स्वतः सुरू करावी लागते. सुरुवातीला एखाद्या चांगल्या प्रोग्रामलाही ती अडवते, तेव्हा परवानगी द्यायची. मी घरगुती मशीनवर ती सुरू करूनच देते. शिवाय फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) दिसेल असं सेटिंग करते, म्हणजे पीडीएफचं चित्र लावून आलेली ईएक्सई फाइल ओळखू येते. मुलांसाठी वेगळं साधं खातं, अ‍ॅडमिन नसलेलं. या सगळ्याला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

अपडेटचा विषय आमच्याकडे नाजूक आहे. घरात ब्रॉडबँड नसतं, मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन काम चालतं आणि रोजचा डेटा अपडेटमध्ये संपला की घरात भांडण होतं. म्हणून अपडेट बंद करून टाकतात. त्याचा धोका पाहा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आला तेव्हा दीडशेच्या वर देशांतले कॉम्प्युटर बंद पडले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी घेतलं त्यांच्याकडे तो शिरला नाही. आठवड्यातून एका रात्री, डेटा संपायच्या आधी, अपडेटला लावून द्या. क्रॅक विंडोजमध्ये बऱ्याचदा अपडेट मुद्दाम बंद केलेलं असतं, क्रॅक निकामी होऊ नये म्हणून. ते तपासा.

सरकारने यात काहीच केलं नाही असं नाही. सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून आहे, तिथे व्हायरस काढायची साधनं मोफत मिळतात. पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारं 'यूएसबी प्रतिरोध' सी-डॅकने बनवलं. पण माझ्या दुकानात आलेल्या एकाही माणसाने यातल्या कशाचंही नाव मला सांगितलेलं नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक आपले सरकार केंद्रात या साधनांची माहिती देणारा एक मराठी फलक लागावा आणि केंद्राच्या मशीनवर यूएसबी प्रतिरोध सक्तीने असावं, ही माझी जिल्हा प्रशासनाकडे मागणी आहे. तिथेच तर सगळ्या गावाचे पेन ड्राइव्ह येतात. एमएस-सीआयटीच्या वर्गात तक्ते आणि सूत्रं शिकवतात, तिथे डिफेंडर सुरू आहे की बंद हे पाहायला शिकवण्यात एक तास द्यावा. आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या दुरुस्तीवाल्या भावांना माझं सांगणं आहे: अ‍ॅक्टिव्हेटर ठेवलेला तो पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. मी क्रॅक टाकत नाही म्हणून काही गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातात. काही महिन्यांनी त्यातली बरीच परत येतात, तेव्हा त्यांचं काम वाढलेलं असतं आणि कधी कधी फोटो गेलेले असतात.

एक तातडीची गोष्ट. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख २०२८ पर्यंत मिळत राहील, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे, पण विंडोजमध्ये सापडणारी नवी भोकं आता आपोआप बुजणार नाहीत. घरची बहुतेक जुनी मशीनं विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. अशांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप सुरू केला तर त्याला पैसे लागत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. त्या तारखेनंतर अशा मशीनसाठी मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट सुचवते. ते पूर्ण मोफत आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं आणि विंडोजचे व्हायरस त्यावर चालत नाहीत. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षांपासून लिनक्सवरच शिकतात. टॅली, अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचा टोकन ज्यांना लागतो त्यांची यात अडचण होईल, त्यांनी घाई करू नये. ज्यांना ब्राउझर, फॉर्म, व्हिडिओ आणि पत्र टाइप करणं एवढंच लागतं, त्यांनी आधी पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून पाहावं. हार्ड डिस्कला हात न लावता ते तसंच सुरू होतं. प्रिंटर चालतो का, वायफाय धरतं का, मराठी नीट दिसतं का, हे सगळं पाहून मग ठरवा. माझ्याकडे आलात तर तसा पेन ड्राइव्ह बनवून देते, पेन ड्राइव्ह तेवढा तुमचा आणा.